तिजोरी आपल्याच मोबाईलमध्ये

लोकांचे पासवर्ड सांभाळणं हाच 'लास्टपास' या अमेरिकी कंपनीचा व्यवसाय. २२ डिसेंबर २०२२ रोजी तिला जाहीर करावं लागलं, की चोरट्यांनी क्लाउडमधल्या बॅकअपमधून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रतीच पळवल्या आहेत. असं काही कानावर आलं, की माणूस पासवर्ड मॅनेजरला दुरूनच नमस्कार करतो. पण श्रोतेहो, त्या चोरीत काय गेलं आणि काय वाचलं, हे एकदा बघायलाच हवं.

गेल्या त्या कुलूपबंद तिजोऱ्या. आतले पासवर्ड एन्क्रिप्ट केलेले होते आणि ते उघडणारा मास्टर पासवर्ड कंपनीने कधी स्वतःकडे ठेवलाच नव्हता. तो ग्राहकाच्या डोक्यात. मात्र कोणत्या संकेतस्थळांवर कोणाचं खातं आहे, ते पत्ते उघडेच होते. म्हणजे कोणाची तिजोरी फोडायला घ्यायची, हे चोराला कळत होतं.

आणि फोडायला त्याला घाई नव्हती. प्रत हाताशी असली की एकामागून एक मास्टर पासवर्ड लावून बघता येतात; तीनदा चुकलं म्हणून खातं बंद पडत नाही. त्याला रोखतं ते एका गणिताचं ओझं. प्रत्येक प्रयत्नात पासवर्ड हजारो फेऱ्यांतून फिरवावा लागतो. आज 'बिटवॉर्डन' हे दुसरं पासवर्ड ॲप नव्या खात्याला ६,००,००० फेऱ्या लावतं. लास्टपासची काही जुनी खाती ५,००० किंवा त्याहूनही कमी फेऱ्यांवर राहून गेली होती. ही हयगय कंपनीचीच, ग्राहकाची नव्हे.

कुलूप आपल्याच यंत्रात उघडतं, म्हणूनच रेंज नसतानाही पासवर्ड मिळतात. विमानात किंवा तळमजल्याखालच्या दवाखान्यात, मोबाईलमधली एन्क्रिप्ट केलेली प्रत मास्टर पासवर्ड टाकला की उघडते. काही ॲपमध्ये अशा वेळी नोंदी फक्त वाचता येतात, बदलता येत नाहीत. एक गोष्ट मात्र जपायला हवी. बिटवॉर्डनमध्ये 'लॉक' केलं तर प्रत मोबाईलमध्येच राहते. 'लॉग आउट' केलं तर ती पुसली जाते आणि पुन्हा आत जायला इंटरनेट लागतं. प्रवासाला निघताना लॉक पुरे.

क्लाउडच नको असेल, तर डॉमिनिक राइखल यांनी २००३ साली आणलेलं 'कीपास' आहे. सगळे पासवर्ड एका फाइलमध्ये, आणि ती फाइल लॅपटॉपवर, पेनड्राइव्हवर, वाटेल तिथे ठेवता येते. इंटरनेटची गरजच नाही. मात्र बॅकअपची जबाबदारी आपली. घरच्या संगणकावर एक नोंद बदलली आणि ऑफिसच्या संगणकावर दुसरी, तर दोन फाइली वेगळ्या होतात. त्या एक करण्याची सोय कीपासमध्ये आहे, पण ती आठवणीने वापरावी लागते.

'वनपासवर्ड'ने तिसरी वाट काढली. तिथे ग्राहकाच्या यंत्रातच १२८ बिटांची एक गुप्त किल्ली तयार होते आणि मास्टर पासवर्डच्या जोडीला तीही लागते. सर्व्हरवरून तिजोरी चोरीला गेली तरी नुसता मास्टर पासवर्ड ओळखून भागत नाही. ती किल्ली कागदावर छापून कपाटात ठेवावी, कारण सगळी यंत्रं एकदम गेली तर कंपनीही ती देऊ शकत नाही.

यंत्रच पोखरलेलं असेल, तर मात्र यातलं काही कामाला येत नाही. लास्टपासच्या चोरांनी कंपनीतल्याच एका अभियंत्याच्या घरच्या संगणकात, तिथल्या एका सदोष मीडिया सॉफ्टवेअरमधून, कळा टिपणारा प्रोग्राम घुसवला होता. अभियंत्याने मास्टर पासवर्ड टाइप केला तसा तो चोरांच्या हाती पडला. म्हणून ज्या मोबाईलला वा संगणकाला आता अपडेट मिळत नाहीत, त्यावर तिजोरी उघडूच नये. सायबर कॅफेत तर नाहीच.

मास्टर पासवर्ड ठरवायला १९९५ पासूनची 'डाइसवेअर' पद्धत उत्तम. पाच वेळा फासा टाकायचा, येणाऱ्या आकड्यावरून ७,७७६ शब्दांच्या यादीतला एक शब्द घ्यायचा, आणि असे सहा शब्द जुळवायचे. शब्द मराठी असले तरी चालतं. निवड फाशाने करावी, मनाने नव्हे.