'हार्ट अटॅक म्हणू नका,' असं त्याची आई म्हणाली

दिवसभर कोड आणि रात्री माइक, तोच मी. आजचा विषय जरा जड आहे. नशेमुळे गेलेला एक मित्र, आणि त्याच्या मागे राहिलेला आमचा ऑनलाइन ग्रुप. तुमच्या घरात असं काही घडलं असेल आणि आत्ता ऐकवत नसेल, तर खुशाल पॉज करा. नंतर ऐका.

आमचा ग्रुप म्हणजे डिस्कॉर्डवरचा एक सर्व्हर, लॉकडाऊनमध्ये सुरू झालेला. चाळीसेक जण, सगळे हिप-हॉपवाले. कोणी पुण्याचं, कोणी नागपूरचं, दोघं दुबईत. मराठीत रॅप लिहायचं, बीट बनवायचे आणि एकमेकांची यथेच्छ चिरफाड करायची. हा मित्र बीट बनवायचा. रात्री दोनला फाइल टाकायचा आणि खाली एकच ओळ, 'स्नेअर कसा वाटतोय?' नवीन पोराने कितीही रद्दड व्हर्स टाकला तरी त्यातली एक बरी ओळ शोधून कौतुक करणारा हाच. त्याचं नाव, हँडल, गाव सांगणार नाही. घरच्यांना तसा शब्द दिलाय, आणि त्यांना विचारूनच बोलतोय.

त्याचा त्रास ग्रुपपासून लपलेला नव्हता. बाइकचा अपघात, मग दुखण्याच्या गोळ्या, मग गोळ्या पुरेनात म्हणून ब्राउन शुगर. त्याने स्वतःच सांगितलं होतं. मग तीन महिने व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला. आल्या आल्या दोन बीट टाकले, झकास होते. आणि एका सकाळी त्याच्याच अकाउंटवरून त्याच्या चुलतभावाचा मेसेज आला. दादा गेला. हार्ट अटॅक.

आता ऑनलाइन दुःखाचं काय होतं बघा. गावात कोणी गेलं तर माणसं दारात जमतात. खांदा देतात, कोणी चहा करून आणतं, दहावा-तेरावा होतो. काय करायचं ते ठरलेलं असतं. आमच्याकडे काय? हात जोडलेली इमोजी, 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि मग शांतता. चाळीस जण ऑनलाइन, हिरवे ठिपके दिसतायत, आणि कोणी टाइप करत नाहीये.

त्याच रात्री एका मेंबरचा मला डीएम आला. 'भाई, खरंच अटॅक होता का? मी बंद करून एकेचाळीस दिवस झालेत. खरं सांग.'

इथे खरा प्रश्न उभा राहिला. घरच्यांनी जे सांगितलं त्याचा मान ठेवायचा, की या जिवंत मित्राला उत्तर द्यायचं?

आम्हा हिप-हॉपवाल्यांना मॅक मिलर आठवणं साहजिकच होतं. पिट्सबर्गचा रॅपर, ७ सप्टेंबर २०१८ ला गेला, वय फक्त २६. त्याच्या गावात ब्लू स्लाइड नावाचं खेळाचं मैदान आहे, त्याच नावाचा त्याचा अल्बम. चाहते तिथे जमले, मेणबत्त्या लावल्या, त्याची गाणी वाजवली. आणि नोव्हेंबरमध्ये मृत्यूचं कारण अधिकृतपणे जाहीर झालं : फेंटानिल, कोकेन आणि दारू यांचं मिश्रण, अपघाती मृत्यू. जगाला कळलं. त्यामुळे त्याच्या चाहत्यांना निदान बोलता तरी आलं की नेमकं काय झालं. आपल्या गल्लीतला पोरगा गेला की मात्र अटॅक, नाहीतर 'अचानक'.

म्हणून आम्ही दोघांनी त्याच्या आईला फोन केला. काकूंना सगळं सांगितलं, त्या डीएमबद्दलही, नाव न घेता. म्हटलं, तुम्ही नको म्हणालात तर एक शब्द बोलणार नाही. बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "बाळांनो, आमच्या घरात आधीच खूप लपवून झालंय. तुमच्यात हार्ट अटॅक म्हणू नका. त्या दुसऱ्या पोराला खरं सांगा."

मग आम्ही व्हॉइस कॉल ठेवला. त्याचे बीट वाजवले, आठवणी काढल्या, रडलो. आणि ग्रुपमधल्या एका डॉक्टर मैत्रिणीने जे समजावलं ते तुम्हीही ऐका, कारण हे फार जणांना माहीत नसतं.

ब्राउन शुगर, हेरॉइन, अफूच्या जातीच्या गोळ्या मेंदूतल्या श्वास चालवणाऱ्या भागाला मंदावतात. रोज घेणाऱ्याचं शरीर त्याला सरावतं, डोस वाढत जातो. नशा काही आठवडे बंद राहिली की तो सराव उतरतो. पण मनात आकडा जुनाच असतो. माणूस घसरला आणि जुनाच डोस घेतला, तर श्वास थांबू शकतो. म्हणजे केंद्रातून बाहेर आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे. आपण नेमके तेव्हाच 'सुटला एकदाचा' म्हणून निर्धास्त होतो.

ओळखायचं कसं? हलवूनही जागा होत नाही, श्वास अगदी संथ, घशातून घरघर, ओठ निळसर. 'झोपू दे, उतरेल' असं म्हणू नका. १०८ ला फोन करा, श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, आणि काय घेतलंय ते डॉक्टरांना खरं सांगा. नॅलॉक्सोन नावाचं औषध अशा वेळी श्वास परत आणू शकतं. अमेरिकेत २०२३ पासून त्याचा नाकात मारायचा स्प्रे चिठ्ठीशिवाय मिळतो. आपल्याकडे त्यासाठी दवाखानाच गाठावा लागतो, म्हणून वेळ घालवायचा नाही.

अजून एक भीती असते, 'उपचाराला गेलो तर पोलीस धरतील.' आपल्या एनडीपीएस कायद्यात, तोच १९८५ चा, कलम ६४अ आहे. सेवनाचा किंवा अगदी थोड्या मालाचा गुन्हा असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं, हेही लक्षात ठेवा.

आणि हे आपल्याकडे आज आलेलं नाही. १९८० च्या दशकात मुंबईत गर्द पसरली, तेव्हा अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं. त्यातूनच डॉ. अनिता अवचट आणि त्यांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू केलं, पु. ल. देशपांडेंच्या मदतीने. म्हणजे मराठी माणसाने हा विषय चाळीस वर्षांपूर्वीच उघड्यावर आणला होता. आपण तो परत दडपायची गरज नाही.

आमच्या ग्रुपने आता काही गोष्टी ठरवल्यात. त्याचं अकाउंट काढायचं नाही. 'गर्दुल्ला', 'चरसी' हे शब्द शिवी म्हणून वापरायचे नाहीत. गाण्यात नशा आली तर गाणं बंद नाही, पण त्यावर बोलायचं. आणि दर गुरुवारी रात्री दहाला एक कॉल, कॅमेरा बंद ठेवला तरी चालेल. कोणी घसरलं तर लेक्चर नाही. आधी विचारायचं, 'आत्ता एकटा आहेस का?'

तो डीएमवाला मित्र? मधे एकदा घसरला. तासाभरात ग्रुपवर स्वतःच सांगितलं. दुसऱ्या दिवशी आमच्यातला एक जण त्याच्याबरोबर डॉक्टरकडे गेला. आज परत एकोणीस दिवस झालेत. पुढचं मला माहीत नाही, त्यालाही नाही. पण तो बोलतोय.

नंबर लिहून घ्या. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. मनाच्या कुठल्याही त्रासासाठी टेलिमानस १४४१६. दोन्ही मोफत.

आणि तुमच्या यादीत एखादा हिरवा ठिपका असेल ज्याच्याशी बरेच दिवस बोलणं नाही, तर हा एपिसोड त्याला फॉरवर्ड करत बसू नका. सरळ फोन करा. भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या.