काळ्या मेंढीचा हिशोब कोण ठेवणार?

आज विषय मेंढरांचा. डोंबिवलीत बसून मेंढरं कशाला, असं वाटेल. पण दिवाळी झाली की पारनेर, जुन्नरकडचे धनगर माळशेज घाट उतरून मुरबाड, कल्याण, भिवंडीपर्यंत येतात. भात कापलेल्या खाचरात रात्री मेंढरं बसवतात. शेतकऱ्याला लेंडीखत, धनगराला धान्य नाहीतर पैसे. आता त्या खाचरांवर गोदामं उभी राहतायत, तो वेगळा एपिसोड.

यांच्याकडची काळी, राठ लोकरीची मेंढी म्हणजे दख्खनी. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी असे तिचे प्रकार. लांब पल्ला चालते, वाळल्या चाऱ्यावर तगते. घोंगडं तिच्याच लोकरीचं. पण आज कातरणीची मजुरीसुद्धा लोकरीतून सुटत नाही. मग धनगर जत तालुक्यातला माडग्याळ मेंढा आणतो. उंच, वजनाला भारी, लोकर नावापुरती. त्याला दोष कशाला द्यायचा? घर त्यावरच चालतं. पण काही पिढ्यांत कळपातली दख्खनी विरघळते, आणि परत आणायची म्हटली तर अस्सल मेंढा सापडत नाही.

इथे पाळणाऱ्यांचा संघ लागतो. एकाच कळपात तोच मेंढा वर्षानुवर्षं ठेवला तर जवळच्या नात्यात वीण होते. संघ असेल तर मेंढ्यांची अदलाबदल होते, कानात बिल्ला लागतो, कोकराचे आईबाप आणि वजन नोंदलं जातं. आम्ही कोडची हिस्टरी ठेवतो ना, तसंच. तेलंगणात दख्खनी पाळणाऱ्यांनी असा संघ उभा केलाय. आपल्याकडे 1978 पासून शेळी-मेंढी महामंडळ आहे. पण सरकारी फार्मवरचा कळप म्हणजे बॅकअप. खरी जात चालत्या वाड्यातच टिकते.

फलटणच्या निंबकर संस्थेने वेगळी वाट धरली. दख्खनीला वेताला बहुधा एकच कोकरू होतं. सुंदरबनातल्या गरोल मेंढीत जुळी देणारा फेकबी नावाचा जीन आहे. तो त्यांनी दख्खनीत आणला, मग पुन्हा पुन्हा दख्खनीशीच संकर केला. हेही बाहेरचंच रक्त, असं कोणी म्हणेल. मला मात्र हे पटतं. नुसता वारसा म्हणून कोण मेंढी पाळेल? जास्त कोकरं मिळाली तर माडग्याळकडे वळायचं कारण कमी होतं.

या थंडीत मुरबाड रोडला कळप आडवा आला तर हॉर्न वाजवू नका. गाडी बाजूला घ्या आणि विचारा, मामा, मेंढा कुठनं आणला?