थांबा म्हणावे, पण का ते सांगावे

आजचा विषय जरा अवघड आहे. समजायला सोपा, पण बोलायला अवघड. घरात वडीलधारी माणसे बसलेली असतील, तर कोणाचा तरी हात रेडिओ बंद करायला पुढे होईल. तो थोडा वेळ आवरावा, एवढी विनंती आहे. वावगे असे काही मी बोलणार नाही.

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याच्या रस्त्याला लागले की विमानतळाशेजारी चिकलठाणा लागते. जुने गाव, सुखना नदी आणि सभोवार औद्योगिक वसाहतीतले कारखाने. कामाच्या शोधात आलेली कितीतरी कुटुंबे इथे भाड्याच्या खोल्यांत राहतात. बाप शिफ्टला, आई कामाला, आणि वयात आलेली मुलगी दुपारभर घरात एकटी. मुलाच्या हातात मोबाईल, आणि त्यात तो काय पाहतो ते घरात कोणालाच ठाऊक नाही. अशा गावातल्या शाळेत आठवी-नववीच्या वर्गापुढे आपण उभे आहात, असे समजा. आरोग्याचा तास आहे. लग्नापर्यंत शरीरसंबंधापासून दूर राहावे, हे या मुलांना सांगायचे आहे. कसे सांगाल?

आपल्याकडे हे बहुधा दोन तऱ्हांनी होते. पहिली तऱ्हा म्हणजे सांगायचेच नाही. विज्ञानाच्या पुस्तकात मानवी प्रजननाचा धडा आला, की गुरुजी खडू खाली ठेवतात आणि म्हणतात, “हे घरी वाचून घ्या.” मुले घरी वाचत नाहीत; मागच्या बाकावर बसून खिदळत वाचतात. दुसरी तऱ्हा दटावण्याची. “असले विचार मनात आणाल तर वाटोळं होईल, आईबापांची अब्रू जाईल.” बस्स, झाला तास. पण वाटोळे कसे होते, शरीरात काय घडते, कोणी अंगचटीला आले तर काय करायचे, याचा पत्ता नाही.

मग मुले विचारतात कोणाला? मुलगा विचारतो एस. टी. स्टँडच्या भिंतीवरच्या जाहिरातीला. झोपेत वीर्यपात झाला म्हणजे शक्ती गेली, असे ती जाहिरात त्याला सांगते, आणि चोरून पैसे उचलून तो कसले तरी चूर्ण आणतो. खरे पाहता या वयात असे होणे अगदी स्वाभाविक आहे. त्याला औषध लागत नाही. हे एक वाक्य वर्गात कोणी उच्चारले असते, तर त्या पोराची झोप उडाली नसती.

आता कोणी म्हणेल, म्हणजे तुम्ही संयमाच्या विरुद्ध आहात काय? मुळीच नाही. शाळेच्या वयात मुलामुलींनी थांबावे, हेच योग्य आहे. अठराच्या आतल्या मुलीचे शरीर बाळंतपणाला पुरते तयार नसते. अंगात रक्त कमी असते, रक्तदाब वाढून झटके येण्याचा धोका असतो, बाळंतपण अडते, मूल कमी वजनाचे जन्मते. बेसावध संबंधातून एच.आय.व्ही.सारखे रोग जडतात. शिवाय मनाने ती मुले अजून कच्चीच असतात. फसवणूक झाली तर सावरता येत नाही. ही कारणे खरी आहेत, वर्गात सांगण्यासारखी आहेत. माझे म्हणणे एवढेच, की नुसते ‘लग्नापर्यंत थांबा’ एवढ्यावर धडा संपवला, तर आपल्या मराठवाड्यात त्याचा एक भलताच अर्थ निघतो.

तो अर्थ आईबाप काढतात. मुलगी शाळेच्या वाटेवर कोणाशी बोलताना दिसली, गावात कुजबूज झाली, की बाप म्हणतो, “काळ लई वंगाळ आलाय. काही उलटंसुलटं व्हायच्या आत उजवून टाकू.” ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची तर दुहेरी अडचण. तरणी पोर मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची? शिवाय लग्न झाले की नवरा-बायको मिळून एक कोयता होतो आणि मुकादमाकडून उचल मिळते. म्हणजे पाहा, आपण मुलीला सांगितले लग्नापर्यंत थांब, आणि बापाने लग्नच अलीकडे ओढले! ती पंधराव्या वर्षी सासरी गेली. नियम मोडला नाही, अब्रूही राहिली. पण जो धोका टाळायचा म्हणून आपण धडा दिला, तो सगळाच्या सगळा तिच्या वाट्याला आला.

हे मी कल्पनेने बोलत नाही. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 20 ते 24 वर्षांच्या विवाहित-अविवाहित सगळ्या स्त्रियांची माहिती घेतली. महाराष्ट्रात त्यांच्यापैकी सुमारे 22 टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते. परभणी आणि बीड या आपल्या शेजारच्या जिल्ह्यांत तर हे प्रमाण 40 टक्क्यांच्याही वर गेले.

आणि कायदा काय म्हणतो? 1978 सालापासून मुलीला 18 आणि मुलाला 21 अशी लग्नाची वयोमर्यादा आहे. 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने लग्न लावणाऱ्यांनाही शिक्षा ठेवली. 2012 च्या पोक्सो कायद्याप्रमाणे अठराच्या आतल्या मुलाशी वा मुलीशी केलेला शरीरसंबंध हा गुन्हा आहे. तिची संमती होती, हे उत्तर चालत नाही. पुढे 11 ऑक्टोबर 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की पत्नी अठराच्या आतली असेल तर नवऱ्यालाही सूट नाही. म्हणजे मंगळसूत्र घातले म्हणून पंधरा वर्षांची मुलगी मोठी होत नाही. तेव्हा वर्गात सांगायचे ते असे: निदान अठरापर्यंत थांबा, आणि लग्नालाही तोवर थांबवा.

या विषयावर आपल्या राज्यात पुष्कळ वादळ झालेले आहे. केंद्र सरकारने शाळांसाठी आणलेल्या किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमावर 2007 साली विधिमंडळात टीका झाली आणि महाराष्ट्रात तो थांबवला गेला. 2009 साली राज्यसभेच्या याचिका समितीनेही शाळेत लैंगिक शिक्षण नको, लग्नापूर्वी संबंध नको एवढा संदेश मुलांना द्यावा, असा अहवाल दिला. मात्र त्याच अहवालात लग्नाचे कायदेशीर वय आणि बालविवाहाचे दुष्परिणाम मुलांना सांगावेत, असेही म्हटले होते. पहिला भाग सगळ्यांना आठवतो, दुसरा कोणाला आठवत नाही.

उपदेशाने काम भागते का, हे पाहण्याचा प्रयोग दूर अमेरिकेत झाला. तिथे 1996 च्या कायद्याने ‘लग्नापर्यंत संयम’ एवढेच शिकवणाऱ्या कार्यक्रमांना सरकारी पैसा मिळू लागला. मग त्यांच्या संसदेच्या आज्ञेवरून अशा चार कार्यक्रमांतल्या मुलांची काही वर्षे पाहणी झाली. तिचा निष्कर्ष आला तोही 2007 सालीच. उपदेश ऐकलेली मुले आणि न ऐकलेली मुले यांच्या वागण्यात फरक आढळला नाही. दोन्हीकडे सुमारे निम्मी मुले संयमाने राहिली होती. उलट, माहिती दिली तर मुले बिघडतात, ही भीतीही खरी ठरलेली नाही. युनेस्कोने 2018 साली जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन सांगितले, की योग्य लैंगिक शिक्षणाने मुले संबंधांकडे अधिक वळत नाहीत.

विचारणाऱ्याला उत्तर द्यावे की गप्प बसवावे, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1927 साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि 1953 साली मृत्यू येईपर्यंत चालवले. वाचक आपल्या शंका लिहून पाठवीत आणि कर्वे छापील उत्तरे देत. त्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला. 1934 साली न्यायालयात कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला ते हरले. पण एवढा मोठा कायदेपंडित लोकांच्या प्रश्नांना उत्तर मिळाले पाहिजे म्हणून उभा राहिला, ही गोष्ट आपण शिक्षकांनी विसरू नये. कर्व्यांची सगळीच मते पटली पाहिजेत असे नाही. प्रश्न विचारणारा माणूस वाईट नसतो, एवढे पटले तरी पुरे.

लांबचे राहू द्या. पैठण तालुक्यातले पाचोड आपल्याला ठाऊक आहे. तिथल्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेने तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत किशोरवयीन मुलींसाठी वर्षभराचा वर्ग चालवला. संध्याकाळी तासभर, शिकवणाऱ्या गावातल्याच बायका. शरीराची माहिती, आहार, कायदा, हिशेब, आणि मुख्य म्हणजे घरात आपले म्हणणे नीट कसे मांडावे, हे तिथे शिकवले. आईबापांनाही विश्वासात घेतले. 1997 ते 2001 या चार वर्षांत त्या गावांत मुलींच्या लग्नाचे मध्यम वय 16 वरून 17 वर गेले. एकच वर्ष, असे कोणी म्हणेल. पण ज्या मुलीला ते वर्ष मिळाले, तिला विचारून पाहा! दहावीची परीक्षा त्या एका वर्षात असते.

तर मग करावे काय? थोडक्यात सांगतो.

पाचवी-सहावीला शरीराच्या अवयवांची खरी नावे सांगावीत. कोणाचा स्पर्श नकोसा वाटला तर ओरडावे, पळावे आणि विश्वासाच्या माणसाला सांगावे. तो नात्यातला असला तरी सांगावे. सातवी-आठवीला मुलींना पाळी आणि मुलांना वयात येण्याची लक्षणे, ही पाळी येण्याआधी आणि घाबरण्याआधी सांगावीत. मुलांनाही पाळीची माहिती द्यावी, म्हणजे चेष्टा थांबते. नववी-दहावीला गर्भधारणा, रोग, कायदा, आणि ‘नाही’ म्हटल्यावर ते मानायचे असते, हे मुलांनाही तितकेच शिकवावे. संयमाचा भार एकट्या मुलीच्या ओढणीवर टाकू नये. मोबाईलवर अठराच्या आतल्या कोणाचे उघडे चित्र काढणे, बाळगणे, पाठवणे हा गुन्हा आहे, हेही सांगावे.

वर्गात एक खोका ठेवा. नाव न घालता चिठ्ठी टाकायची. दर शनिवारी चिठ्ठ्या वाचून उत्तरे द्या. उत्तर येत नसेल तर “विचारून सांगतो” म्हणा. त्यात कमीपणा नाही. सरकारी दवाखान्यांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ नावाची केंद्रे आहेत, तिथल्या समुपदेशकांना शाळेत बोलवा. आणि पालकांची सभा आधी घ्या. त्यांना पुस्तक दाखवा, काय शिकवणार ते सांगा. लपवून शिकवले तर संशय वाढतो.

एखादी मुलगी रडत येऊन सांगेल, की माझे लग्न ठरले. त्या वेळी “मी तुझ्या घरच्या भानगडीत कशाला पडू?” असे म्हणू नका. 1098 हा बालकांच्या मदतीचा क्रमांक आहे. ज्यांना आपण ग्रामसेवक म्हणतो, ते गावात बालविवाह रोखण्यासाठी नेमलेले अधिकारी आहेत. आणि कोणा मुलावर अत्याचार झाल्याचे कळले, तर पोलिसांना कळवणे हे पोक्सो कायद्याने आपले कर्तव्य आहे. शाळेची बदनामी होईल म्हणून झाकणे, हाही गुन्हाच ठरतो.

पालक श्रोत्यांना शेवटी एक सांगतो. पोरीचे नाव निघाले, की पहिला घाव तिच्या शाळेवर घालू नका. शाळा सुटली की पाठोपाठ अक्षता येतात. आपण पेरणीलाही वापसा येईपर्यंत थांबतो. ओल्या रानात कोणी तिफण घालत नाही, बी वाया जाते हे ठाऊक असते म्हणून थांबतो. आपल्या पोरापोरींनाही ते ‘म्हणून’ कळू द्या. ज्याला कारण कळले, तो पाठीमागे कोणी उभे नसतानाही थांबतो.

येत्या आठवड्यात आरोग्याचा तास आला, तर खडू खाली ठेवू नका. धडा उघडा आणि वाचायला सुरुवात करा. पहिली पाच मिनिटे मुले हसतील. हसू द्या. सहाव्या मिनिटाला कोणीतरी हात वर करील.