निंबोळी अर्कात साबण कशाला?

 

मागच्या हंगामात आमच्या गटानं निंबोळ्या वेचल्या, वाळवल्या, कुटल्या. अर्क केला आणि कपाशीवर फवारला. पण पानावर थेंब टिकेचना! मोत्यासारखे घरंगळून खाली. एक काकू म्हणाल्या, "बाई, आपण तं मातीलेच औषध पाजलं." सगळ्या हसल्या, पण इतक्या दिवसांची मेहनत वाया गेली होती. चूक आमचीच होती. ती कोणती, ते आज सांगते.

अर्काची रीत तुम्हाला माहीत आहे. ५ किलो निंबोळीचा भरडा ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचा. २०० ग्रॅम साबणाचा चुरा १ लिटर पाण्यात वेगळा भिजवायचा. सकाळी अर्क फडक्यातून गाळून त्यात साबणाचं पाणी मिसळायचं. आम्ही साबण भिजवायलाच विसरलो. सकाळी घाईघाईनं बोअरच्या पाण्यात वडी किसली आणि तशीच ढवळली.

आता साबणाचं काम समजून घ्या. पाण्याचा वरचा थर ताणून धरलेल्या लुगड्यासारखा असतो. म्हणून धोप्याच्या पानावर पाण्याचा थेंब गोल होऊन पळतो. साबणाच्या कणाचं एक टोक पाण्याला धरून राहतं, दुसरं पाण्यापासून पळतं. त्यामुळे हे कण पाण्याच्या वरच्या थरात येऊन बसतात आणि त्याचा ताण सैल होतो. घरी करून पाहा. ताटलीत पाणी घ्या, वर चिमूटभर हळद भुरभुरा आणि मधोमध साबणाचं बोट टेकवा. हळद झटकन काठाकडे पळते.

पण या कणांना वर यायला वेळ लागतो. पंगत मांडली म्हणजे लगेच भरते का? माणसं आतून येतात, एकेक जण बसतो. तसंच इथं. पंपाच्या नोझलमधून थेंब निघतो तेव्हा त्याचा पृष्ठभाग कोरा असतो आणि एका सेकंदाच्या आत तो पानावर आदळतो. तेवढ्या वेळात पंगत भरली, तर थेंब पसरतो. नाही भरली, तर उडून खाली पडतो. म्हणून बादलीत फेस दिसला म्हणजे झालं, असं नाही. बादलीतल्या पाण्याला भरपूर वेळ मिळतो, फवाऱ्यातल्या थेंबाला मिळत नाही.

पंगतीला येतो तो विरघळलेला साबण. गुठळ्या तळाशीच बसतात. त्यात आपला खारपाणपट्टा! अमरावती, अकोला, बुलढाण्यात पूर्णेच्या खोऱ्यातल्या कितीतरी विहिरींचं पाणी खारं. जड पाण्यातले क्षार साबणाला धरून त्याचा पांढरा साका करतात, मग कामाला साबण उरतो किती? दोन बाटल्या घ्या, एकीत बोअरचं पाणी, दुसरीत पावसाचं. दोन्हींत सारखाच साबण टाकून हलवा. फरक डोळ्यांनी दिसेल.

मग साबण दुप्पट टाकावा का? नको. पंगत एकदा भरली की जास्तीचे कण आतच घोळके करून राहतात. ताण आणखी कमी होत नाही, उलट पानं करपू शकतात.

आणि हे शास्त्र आपल्या बायकांचंच आहे बरं! जर्मनीत अ‍ॅग्नेस पॉकेल्स नावाची बाई होती. त्या काळी तिथं मुलींना विद्यापीठात प्रवेश नव्हता. घरकाम सांभाळून तिनं स्वयंपाकघरात, पाण्याच्या पसरट भांड्यात, पृष्ठभागाचा ताण मोजला. १८९१ मध्ये तिनं इंग्लंडच्या लॉर्ड रॅले या शास्त्रज्ञाला पत्र लिहिलं. त्यांनी ते 'नेचर' या नियतकालिकात छापवून आणलं. १९३२ मध्ये, सत्तरीला आल्यावर, तिला मानद डॉक्टरेट मिळाली.

तर बायांनो, यंदा एवढं करा. टिनावरचं पावसाचं पाणी धरून ठेवा. साबण त्यातच रात्रभर भिजवा, पूर्ण विरघळू द्या. १५ लिटरच्या पंपाला दीड लिटर अर्क, बाकी पाणी, तेही जमल्यास पावसाचं. आधी दोन-चार पानांवर फवारून पाहा. थेंब पसरला, तरच पुढच्या ओळीला लागा. फवारणी दुपारनंतर, ऊन उतरल्यावर करा आणि केलेला अर्क त्याच दिवशी संपवा.

मेहनत आपली आहे, ती पानावर टिकली पाहिजे.