नंदू भेंडे: मराठी घरातला रॉक गायक

तुम्ही ‘डिस्को डान्सर’ चित्रपटातलं कृष्णाला साद घालणारं गाणं नक्की ऐकलं असेल. 1982 सालचं, बप्पी लाहिरींच्या संगीतातलं. तो आवाज नंदू भेंडे यांचा, रंगकर्मी आत्माराम भेंडे यांच्या मुलाचा.

नंदूंची खरी ओळख मात्र रॉकची. ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ हे येशूवरचं रॉक संगीतनाटक 1970मध्ये आधी ध्वनिमुद्रिका म्हणून आलं, नाटक नंतर उभं राहिलं. शब्द टिम राइस यांचे, संगीत अँड्र्यू लॉइड वेबर यांचं. ‘डीप पर्पल’ या रॉक बँडचे इयन गिलन त्यात येशू झाले, तर मरे हेड यांनी येशूचा घात करणारा शिष्य यहूदा गायला. हाच यहूदा 1974मध्ये ॲलेक पदमसींच्या मुंबईतल्या प्रयोगात नंदूंनी गायला. या भूमिकेला गिटार-ड्रम्सच्या कल्लोळावर स्वार होणारा गळा हवा, आणि पश्चात्तापही ऐकू यायला हवा. फार अवघड काम!

पुढे 1978मध्ये पु. ल. देशपांडे यांचं ‘तीन पैशाचा तमाशा’ हे नाटक जब्बार पटेलांनी बसवलं. त्यातली अंकुशची भूमिका नंदूंची. मराठी रंगमंचावर रॉकची धग आणणाऱ्या या माणसाची आपण पुरेशी दखल घेतली नाही, असं मला मनापासून वाटतं. 2014मध्ये ते गेले. तरुण गायकांनो, त्यांना जरूर ऐका.