डॉक्टरांकडे दुसऱ्या खेपेला जाताना

(सीवूड्स येथे घरकाम करणाऱ्या बायकांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आजचा विषय ऐकून काहीजणी हसल्या. मारहाण, रेशन, पगार यांवर आपण बोलतो. त्वचेच्या डॉक्टरांकडच्या दुसऱ्या खेपेवर काय बोलायचं? पण ही खेप माझी स्वतःची आहे, येत्या बुधवारी. आणि पहिल्या खेपेला मी डॉक्टरांशी खोटं बोलले, म्हणून आज उभी आहे.

धाकट्याच्या वेळी माझ्या गालांवर वांग आले. गरोदरपणात अनेकींना येतात, उन्हानं वाढतात. मेडिकलवाल्यानं चिठ्ठी न मागता एक ट्यूब दिली. थोड्याच दिवसांत चेहरा असा उजळला की सासूबाईंपासून ऑफिसातल्या मैत्रिणींपर्यंत सगळ्या विचारू लागल्या, काय लावतेस गं? मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, गोऱ्या रंगाच्या वेडाविरुद्ध शिबिरं घेतलेली बाई. पण ते कौतुक मला आवडलं, हे कबूल करते. आठ महिने लावलं. थांबवलं की चेहरा लाल व्हायचा, आग व्हायची, म्हणून पुन्हा लावायचे. मग गालांवर बारीक लाल शिरा दिसू लागल्या, हनुवटीवर लव आली, पुरळ आलं.

डॉक्टरांनी विचारलं, "काही लावत होतात का?" शेजारी नणंद बसली होती. मी म्हटलं, "छे, साधं कोल्ड क्रीम." त्यांनी मुरुमांचं औषध दिलं आणि महिन्यानं बोलावलं. मीच लपवलं, तर त्यांना कळणार कसं?

घरी येऊन ट्यूबवरची बारीक अक्षरं पहिल्यांदा वाचली. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. यातलं शेवटचं स्टेरॉइड. डॉक्टर असं मिश्रण ठरावीक आठवडेच देतात. महिनोन्महिने लावलं तर कातडी पातळ होते. बीटामेथासोन, क्लोबेटासोल हीसुद्धा स्टेरॉइडच. केंद्र सरकारनं 2018 साली त्वचेला लावायची 14 स्टेरॉइड औषधं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी मला ट्यूब मिळालीच.

आता आपल्यातल्याच एकीचं सांगते. तिची परवानगी घेतली आहे, नाव सांगत नाही. ती करावे गावातून इमारतींत कामाला जाते. कंबरेला आणि जांघेत नायटा. दाखवायची लाज, म्हणून नवऱ्याचीच ट्यूब लावली. असल्या 'सगळ्यावर एकच' मलमांत बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइडही असतं. त्यानं खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी आत पसरत राहते आणि मलम बंद केलं की दुप्पट उसळते. शेवटी ती डॉक्टरांकडे गेली, गोळ्या घेतल्या. खाज गेली तशा गोळ्या बंद केल्या आणि दिलेली तारीख चुकवली. का? तपासणी सकाळची, म्हणजे तीन घरांचा खाडा. 2008 साली घरेलू कामगारांसाठी राज्यात कायदा झाला खरा, पण तो कल्याण मंडळाचा. आजारपणाची पगारी सुट्टी त्यानं दिलेली नाही. 'वेळेवर या' असं बायकांना सांगणाऱ्यांनी हा हिशेबही मांडावा. नायटा वरून गेलेला दिसला तरी औषध सहसा पुढे दोनेक आठवडे चालवावं लागतं, म्हणून ती तारीख महत्त्वाची. शिवाय नवऱ्यालाही नायटा होता. दोघांनी एकदम औषध घेतलं नाही तर तो एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो. त्याला सांगणार कोण? शेवटी ती त्याला घेऊनच गेली, आणि घरात टॉवेल वेगळे केले. पावसाळ्यात एका खोलीत कपडे वाळत नाहीत, हे मलाही कळतं. निदान आतले कपडे इस्त्रीनं कोरडे करा.

माझी तयारी सांगते. घरातल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्यासुद्धा, पिशवीत भरल्या. नणंदेनं दिलेला लेप, पार्लरमधलं ब्लीच, तेही कागदावर लिहिलं. कधी सुरू केलं, कधी थांबवलं, ते कॅलेंडर बघून लिहिलं. चेहरा जास्त बिघडला त्या दिवशी उजेडात मोबाइलवर फोटो काढला, कारण नेमका तपासणीच्या दिवशी तो बरा दिसतो. त्या सकाळी पावडर, तेल काही लावणार नाही. एकदम बंद केलं तर चेहरा आणखी भडकेल का, आणि भडकला तर काय करायचं, हे विचारणार आहे. आणि नणंदेला सांगितलंय, या वेळी बाहेर बस.

पाळी चुकली असेल, अंगावर दूध पाजत असाल, तर डॉक्टरांनी न विचारताही सांगा. नायट्याच्या काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. जांघेतलं दाखवायला संकोच वाटला तर नर्सबाईंना आत थांबायला सांगा, तो तुमचा हक्क आहे. मलम किती लावायचं ते बोटावर घेऊन दाखवायला सांगा. आणि अंगावर एखादा फिकट किंवा लालसर चट्टा असून तिथं स्पर्श कळत नसेल, तर तारखेची वाट बघू नका. तो कुष्ठरोग असू शकतो; तो पूर्ण बरा होतो, सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं.

आज पिशवी बरोबर आणली आहे. ट्यूबवरची अक्षरं कशी वाचायची ते आता बसून बघू. आणि कुणाची तारीख जवळ आली असेल, सोबत हवी असेल, तर चहाच्या वेळी सांगा. कामाच्या घरी 'ताईंबरोबर दवाखान्यात गेले होते' असं सांगितलं, की कधीकधी खाडा धरत नाहीत, असा माझा अनुभव आहे.