परकायाप्रवेश आणि परतीची वाट



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हा लोकांनी चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकाव्यात आणि घरी जाऊन त्यांवर विचार करावा, असा त्यांचा हेतू होता. त्या परंपरेतल्या व्यासपीठावर उभा राहून आज मी हस्तरेषा, भुतेखेते आणि एकाच्या देहात शिरणारा दुसरा, यांच्याविषयी बोलणार आहे. मराठवाड्यातल्या वैशाखात पाण्याचे बोलायचे सोडून हा गृहस्थ भुतांचे काय घेऊन बसला, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. परंतु रात्री जेवणे उरकल्यावर घराघरांतून जे पाहिले जाते, त्यात आज या विषयाला फार मोठी जागा मिळाली आहे. जे आपण रोज आवडीने पाहतो, त्याचा एकदा नीट विचार करावा, एवढीच माझी विनंती आहे.

सुरुवात आपल्या मराठीतल्याच एका मालिकेपासून करतो. सुहास शिरवळकरांची ‘समांतर’ ही कादंबरी आपल्यापैकी अनेकांनी वाचनालयातून आणून एका रात्रीत संपवली असेल. तिच्यावर आधारलेली त्याच नावाची नऊ भागांची वेबमालिका २०२० साली आली. दिग्दर्शक सतीश राजवाडे. कुमार महाजनच्या भूमिकेत स्वप्नील जोशी. हा कुमार म्हणजे हात घालील तिथे अपयश येणारा, चिडलेला, कशावरच विश्वास न ठेवणारा माणूस. मित्राच्या आग्रहाखातर तो एका हस्तरेषा पाहणाऱ्या स्वामींकडे जातो. स्वामी हात पाहतात आणि भविष्य सांगायला नकार देतात. कारण काय? तर अगदी याच रेषांचा हात त्यांनी पूर्वी एकदा पाहिलेला असतो! त्या माणसाचे नाव सुदर्शन चक्रपाणी. जे चक्रपाणीच्या आयुष्यात घडून गेले, तेच कुमारच्या आयुष्यात घडणार. चक्रपाणीचा भूतकाळ हाच कुमारचा भविष्यकाळ.

कल्पना किती साधी, आणि किती जीवघेणी! आतापर्यंत हसणारा कुमार त्या चक्रपाणीच्या शोधात निघतो आणि पाहता पाहता नोकरी, संसार, बायको, सगळे त्या शोधापुढे फिके पडू लागते. ही मालिका पाहताना आपण कशाने धास्तावतो? हस्तरेषांनी नव्हे. ‘उद्या काय होणार ते कळेल’ या एका आशेने एक चांगला, चलाख माणूस आपल्या आजच्या दिवसाला कसा पारखा होत जातो, ते पाहून आपल्याला भीती वाटते. चमत्कार बाहेर आहे, पण पकड मनाची आहे.

पूर्वीची रीत याहून निराळी होती. कमाल अमरोहींचा १९४९ सालचा ‘महल’ आठवा. राजा परांजप्यांचा १९६४ सालचा ‘पाठलाग’ आठवा. तिथे गूढ गाणे ऐकू येते, गेलेली व्यक्ती समोर दिसल्याचा भास होतो, प्रेक्षकाच्या अंगावर काटा उभा राहतो. आणि शेवटी उलगडा होतो तो माणसाच्याच पातळीवर. भूत नव्हते, माणसाचाच खेळ होता, असे समजून प्रेक्षक निःश्वास टाकून घरी जाई. आताच्या मालिकांनी ही वाट उलटी केली आहे. आरंभी सगळे मानसशास्त्राच्या चौकटीत बसणारे असते: निद्रानाश, संशय, जुने दुःख, नवराबायकोतला दुरावा. प्रेक्षक आपला डॉक्टरासारखा निदान करीत बसतो. आणि शेवटच्या भागात कलाटणी अशी येते की निदानाचा कागदच फाटून जातो. जे भास वाटत होते, तेच खरे निघते. पूर्वी भुताच्या पडद्याआड माणूस सापडत असे. आता माणसाच्या पडद्याआड भूत सापडते.

याचा एक ठळक नमुना विलायतेतला आहे. सारा पिनबरो या लेखिकेच्या २०१७ सालच्या कादंबरीवरून ‘बिहाइंड हर आईज’ नावाची सहा भागांची मालिका २०२१ साली निघाली. ज्यांना ती पाहायची असेल त्यांनी आता दोन मिनिटे कानांवर हात ठेवावेत, कारण मी शेवट सांगणार आहे. लंडनमधला एक मनोविकारतज्ज्ञ, त्याची देखणी पण विचित्र वागणारी पत्नी अडेल, आणि त्याच्या दवाखान्यात काम करणारी, एका मुलाची आई असलेली लुईझ. लुईझला रात्री झोपेत भयंकर दचकायला होते. अडेल तिच्याशी मैत्री करते आणि स्वप्नांवर ताबा मिळवण्याची युक्ती तिला शिकवते. आपण समजतो, हा तिघांच्या संबंधांचा गुंता आहे. शेवटी कळते की झोपेत देहाबाहेर पडण्याची ती विद्या होती. अडेलच्या देहात अडेल नव्हतीच. तिचा जुना मित्र रॉब पूर्वीच तिच्या देहात शिरून बसला होता. आता तो लुईझच्या देहात शिरतो, आणि बिचारी लुईझ दुसऱ्याच्या देहात मरून जाते.

ही कलाटणी पाहून जगभरचे प्रेक्षक थक्क झाले. पण आपण मराठवाड्याच्या माणसांनी थक्क होण्याचे कारण नव्हते. ही गोष्ट आपल्या दारातली आहे. इथून पैठण पन्नास-एक किलोमीटर. त्या प्रतिष्ठान नगरीत सातवाहन राजाच्या पदरी गुणाढ्य नावाचा पंडित होता, अशी कथा आहे. पैज हरल्यामुळे त्याने संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा या तिन्हींचा त्याग केला, विंध्याच्या अरण्यात गेला, आणि पैशाची भाषेत, म्हणजे पिशाचांच्या म्हणून सांगितलेल्या भाषेत, सात लाख श्लोकांची ‘बृहत्कथा’ आपल्या रक्ताने लिहिली. राजाने ती नाकारली. तेव्हा गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवी आणि अग्नीत टाकी. पश्चात्ताप पावलेला राजा धावत येईपर्यंत एक लाख श्लोक तेवढे उरले होते. तो मूळ ग्रंथही पुढे लुप्त झाला. पण अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ रचला, त्यात त्या कथा नांदत आहेत.

त्या सागराच्या अगदी काठावरच एक गोष्ट लागते. वररुची, व्याडी आणि इंद्रदत्त हे तीन गुरुबंधू. गुरुदक्षिणेसाठी एक कोटी सुवर्णमुद्रा हव्यात म्हणून ते नंद राजाकडे जातात, तो राजा नुकताच मेलेला. इंद्रदत्ताला योगविद्या येत असते. तो म्हणतो, मी राजाच्या देहात शिरतो, वररुचीने येऊन धन मागावे, आणि तोपर्यंत व्याडीने माझा देह एका ओस देवळात सांभाळावा. तसे घडते. मेलेला राजा उठून बसतो आणि लगेच कोटी मुद्रा देण्याची आज्ञा करतो. सगळे आनंदात, पण शकटाल नावाच्या मंत्र्याला संशय येतो. मेलेला राजा जिवंत होतो काय, आणि उठल्याबरोबर एका अनोळखी याचकाला कोटी देतो काय! युवराज लहान, राज्याला शत्रू फार. तेव्हा हा राजा आहे तसाच राहू द्यावा, असा विचार करून तो हुकूम सोडतो: नगरात जेवढी प्रेते असतील तेवढी जाळून टाका. व्याडी आक्रोश करीत राहतो आणि इंद्रदत्ताचा देह जळून जातो. परतीची वाट बंद. इंद्रदत्त राजाच्या देहात, सिंहासनावर बसून, रडतो.

पुढचा भाग अधिक भयंकर आहे. हळूहळू तो रडायचे विसरतो. सत्तेचा मद चढतो. शकटालाला तो त्याच्या शंभर मुलांसह अंधाऱ्या विहिरीत टाकतो. गुरूची दक्षिणा फेडायला निघालेला शिष्य शेवटी असा होतो. देह बदलला तेव्हा माणूस तोच होता. परत जायला जागा उरली नाही तेव्हा तो पालटला. सोमदेवाच्या कथेतला हा मनाचा विचार आजच्या कोणत्याही मालिकेने शिकावा इतका खोल आहे.

आता कोणी विचारील की असली कलाटणी खरी कोणती आणि खोटी कोणती, हे ओळखायचे कसे? त्यासाठी दौलताबादला जावे. देवगिरीच्या किल्ल्यातली अंधारी आपण सर्वांनी पाहिली आहे. वटवाघळांचा वास, पायाखाली कमीजास्त उंचीच्या पायऱ्या, आणि वळणामागून वळण. वाटाडे सांगतात की शत्रूला मध्येच उजेडाचा कवडसा दिसे, तो तिकडे धावे आणि थेट खंदकात कोसळे. तीच अंधारी नीट ओलांडली की माणूस गडाच्या माथ्याकडे निघतो. कथेचेही तसेच आहे. केवळ दचकवण्यासाठी आणलेले भूत हा तो फसवा कवडसा. खऱ्या कलाटणीनंतर मागे वळून पाहिले की प्रत्येक पायरी जागच्या जागी दिसते, आणि आपण होतो त्याहून थोडे उंच आलेलो असतो. नारायण धारपांनी मराठी वाचकाला भय दिले, रत्नाकर मतकरींनी भूतकथेहून वेगळी अशी गूढकथा रुजवली. त्यांच्या चांगल्या कथा टिकल्या त्या याच गुणामुळे.

मंडळी, इथवर मी कथेविषयी बोललो. परंतु कथा संपल्यावर काय, हा माझा खरा प्रश्न आहे. मी जिथे राहत असे त्या गल्लीत एक तरुण सून होती. पहिले बाळंतपण झाले आणि तिची झोप उडाली. ती एकटीच बोलू लागली, बाळाला जवळ घेईना. घरातल्या मंडळींनी ठरवले की ही आपली सून नाहीच, हिच्या अंगात कोणीतरी शिरले आहे. लिंबे झाली, उतारे झाले, अमावास्येच्या वाऱ्या झाल्या. त्यात जवळजवळ वर्ष गेले. अखेर तिच्या भावाने हट्टाने तिला डॉक्टरांकडे नेले, आणि काही महिन्यांत ती पोळ्या लाटताना गुणगुणू लागली. बाळंतपणानंतर असा आजार होतो, त्यावर औषध असते, आणि ते जितके लवकर मिळेल तितके बरे, हे आज डॉक्टर सांगतात. पुढे कधीतरी ती माझ्या पत्नीला म्हणाली, “वहिनी, सगळे म्हणायचे आत दुसरीच कोणी आहे. पण आत मीच होते हो. मी हाका मारत होते, आणि तुम्ही सगळे त्या दुसरीशीच बोलत होतात.”

हे वाक्य मला रात्री जागे ठेवते. तिच्या देहात कोणीच शिरले नव्हते. तिचा स्वतःचा देह मात्र तिच्यासाठी कोणी सांभाळला नाही. इंद्रदत्ताला निदान आक्रोश करणारा एक व्याडी तरी होता.

म्हणून या मालिकांवर बंदी घाला, असे मी म्हणणार नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्या कायद्याने गोष्ट सांगणे हा गुन्हा ठरवलेला नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे, मिरच्यांची धुरी देणे, हा गुन्हा ठरवला आहे. ही सीमारेषा अगदी बरोबर आखलेली आहे. भूत गोष्टीत शोभते. गोष्टीतून उठून ते घरात आले की कोणाच्या तरी लेकीसुनेच्या पाठीवर वळ उठतात.

आपल्या पैठणचे एकनाथमहाराज हे पुरते ओळखून होते. त्यांनी भारुडात भूत आणले, झपाटणे आणले, आणि ते भूत पाहता पाहता विठ्ठलच निघाले. ऐकणाऱ्यांना भिववून त्यांनी मांत्रिकाच्या दारी पाठवले नाही. भिववले, हसवले आणि भक्तीच्या वाटेने घरी पोचवले. कथेतल्या कलाटणीचा याहून सुंदर उपयोग मला ठाऊक नाही.

कथा पाहणे हाही एक परकायाप्रवेशच आहे. दिवे मालवले की आपण तासभर कुमार महाजनच्या देहात राहतो, लुईझच्या देहात राहतो, तिच्या भीतीने घाबरतो, त्याच्या आशेने खुळावतो. ही विद्या आपल्याला लाभली आहे याचा आनंद मानावा. दुसऱ्याचे दुःख कळायला याहून सोपा मार्ग नाही. फक्त जाताना आपला देह कोणाच्या तरी हवाली करून जावे. आपल्या घरच्या त्या व्याडीचे नाव आहे विवेक. तो जागा असला की कितीही दूर जावे, कितीही भयंकर पाहावे. परतीची वाट राखलेली असते. आणि परत आल्यावर शेजारच्या खोलीत कोणी खरोखरच हाका मारीत असेल, तर त्या हाका आपल्याला ऐकू येतील.

आज रात्री घरी गेल्यावर आपण एखादी मालिका लावाल, यात मला शंका नाही. जरूर लावा.